ऐकलेले नाटक कोणाचे? : 'हम हिंदुस्तानी' खटल्याचे पुनर्वाचन

१

जानेवारी १९५५. मोहन सेगल हे चित्रपट दिग्दर्शक एका सहकाऱ्यासह दिल्लीत आले आणि एका नाटककाराने त्यांना आपले नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. नाटककाराचे नाव आर. जी. आनंद. व्यवसायाने ते वास्तुविशारद. नाटक लिहिणे आणि बसवणे हा त्यांचा दुसरा उद्योग. त्यांनी १९५३ मध्ये लिहिलेले 'हम हिंदुस्तानी' फेब्रुवारी १९५४ मध्ये दिल्लीच्या वेव्हेल थिएटरमध्ये सलग चार दिवस झाले, गाजले आणि पुढे पुन्हा रंगमंचावर आले. शेजारी राहणारी दोन कुटुंबे, एक पंजाबी आणि एक मद्रासी. एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी प्रेमात पडतात आणि इतके दिवस सलोख्याने राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपापला प्रांत आठवतो.

नाटकाची कीर्ती ऐकून सेगल यांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये पत्र पाठवले होते. त्यातून हे वाचन ठरले. वाचन झाले, चर्चा झाली, पाहुणे परतले. मे १९५५ मध्ये सेगल यांच्या 'न्यू दिल्ली' या नव्या चित्रपटाची घोषणा झाली. आनंद यांनी विचारणा करणारे पत्र लिहिले. चित्रपट त्यांच्या नाटकावर नाही, असे उत्तर आले. सप्टेंबर १९५६ मध्ये चित्रपट दिल्लीत लागला. त्यात वैजयंतीमाला आणि किशोरकुमार होते, एक पंजाबी कुटुंब होते, एक मद्रासी कुटुंब होते, एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी प्रेमात पडत होती.

आनंद कोर्टात गेले. त्यांनी नुकसानभरपाई, नफ्याचा हिशेब आणि कायमची मनाई अशा तिन्ही गोष्टी मागितल्या. जिल्हा न्यायालयात ते हरले, दिल्ली उच्च न्यायालयात हरले आणि १८ ऑगस्ट १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरले. चित्रपट लागल्यापासून अंतिम निकालापर्यंत बावीस वर्षे गेली. 'आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स' हा निकाल आज भारतीय कॉपीराइट कायद्याचा पाया मानला जातो. कथा चोरल्याचा आरोप असलेला कोणताही खटला असो, त्याच्या निकालपत्रात आनंद यांचे नाव येतेच.

मी वकील नाही आणि प्राध्यापकही नाही. कोर्टाच्या आवाराला लागून माझे टायपिंगचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, भागीदारीपत्रे आणि नाट्यस्पर्धेच्या काळात एकांकिकांच्या संहिता हे सगळे गेली तीस वर्षे एकाच कीबोर्डवरून माझ्या हातून गेले आहे. निकालपत्रे वाचायची सवय त्यातून लागली. हा निकाल मी प्रथम वाचला तो एका गिऱ्हाइकामुळे. त्याची गोष्ट पुढे येईल. माझे म्हणणे एवढेच आहे की न्यायालयाने या खटल्यात एका वाङ्मयकृतीची समीक्षा केली आहे, तेव्हा त्या समीक्षेचीही कुणीतरी समीक्षा केली पाहिजे. वकिलांनी हा निकाल हजार वेळा उद्धृत केला, साहित्यिकांनी मात्र तो जवळजवळ वाचलाच नाही.

२

निकाल तीन न्यायमूर्तींचा आहे : सय्यद मुर्तझा फजल अली, जसवंत सिंग आणि आर. एस. पाठक. मुख्य निकालपत्र फजल अली यांचे आहे. घटना घडली तेव्हा १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा अस्तित्वात नव्हता, म्हणून खटला ब्रिटिश संसदेच्या १९११ च्या कायद्याखाली चालला. देशी-विदेशी निकालांचा धांडोळा घेऊन फजल अली यांनी शेवटी सात सूत्रे मांडली. माझ्या शब्दांत त्यांचा आशय असा.

कल्पना, विषय, कथानक, ऐतिहासिक वा पौराणिक घटना यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती त्यांच्या मांडणीवर, रचनेवर, अभिव्यक्तीवर. एकच कल्पना दोघांनी फुलवली तर साम्ये येणारच. ती साम्ये अभिव्यक्तीच्या गाभ्याला भिडतात का, एवढे पाहायचे. दोन्ही कृती वाचणाऱ्याच्या किंवा पाहणाऱ्याच्या मनावर 'ही त्याची नक्कल आहे' असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का, ही सर्वांत खात्रीची कसोटी. विषय तोच असूनही हाताळणी इतकी वेगळी असेल की कृती संपूर्ण नवी ठरते, तर चोरी नाही. साम्यांबरोबर ठळक भेदही असतील आणि साम्ये योगायोगाची वाटत असतील, तरी चोरी नाही. चोरीचा पुरावा स्पष्ट आणि भक्कम हवा. आणि सातवे सूत्र खास नाटकवाल्यांसाठी : फिर्याद नाटककाराची आणि आरोप चित्रपटावर असेल तर सिद्ध करणे अधिक अवघड, कारण चित्रपटाचा आवाका मोठा, पार्श्वभूमी विस्तृत, त्यात पुष्कळ काही नवे घालता येते. तरीही एकूण ठसा नकलेचाच पडत असेल, तर उल्लंघन झाले असे मानावे.

ही सूत्रे या दोन कृतींना लावून न्यायालय म्हणाले की नाटकातला प्रांतवाद लग्नापुरता आहे. चित्रपटात तो घर भाड्याने देण्याच्या प्रश्नातही आहे. दिल्लीत घरमालक आपल्याच प्रांताच्या माणसाला जागा देतात, म्हणून नायक मद्रासी असल्याचे सोंग घेतो. शिवाय चित्रपटात हुंड्याचा आणि जातिग्रस्त समाजाच्या दोषांचा धागा आहे, जो नाटकात नाही. म्हणून साम्ये असली तरी चित्रपट ही वेगळी कृती आहे. सेगल यांची बाजू अशी होती की नाटक ऐकल्यावर, हौशी रंगभूमीला हे ठीक असले तरी पूर्ण लांबीच्या व्यावसायिक चित्रपटाला अपुरे आहे, असे आपण सांगितले होते. न्यायालयाने त्यांना उल्लंघनाच्या आरोपातून मुक्त केले आहे, आणि या लेखात त्यांच्यावर पुन्हा आरोप ठेवण्याचा माझा हेतू नाही. मला बघायचे आहे ते न्यायालयाने वापरलेले मोजमाप.

३

आधी न्यायालयाची बाजू मांडली पाहिजे, कारण ती मजबूत आहे.

कल्पनेवर मालकी दिली असती तर मराठी रंगभूमी उभीच राहिली नसती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगमंचावर आले ते कालिदासाच्या खांद्यावर बसून. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. शिरवाडकरांच्या 'नटसम्राटा'वर 'लिअर'ची सावली आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि त्यामुळे गणपतराव बेलवलकर उसने ठरत नाहीत. रूपांतर हा आमच्याकडे कमीपणा मानला गेला नाही. ती एक कला मानली गेली.

दोन भिन्न समाजांची घरे आणि त्यांच्या मुलांचे प्रेम ही गोष्ट तर आनंद यांचीही नाही. 'हम हिंदुस्तानी'च्या तीस वर्षे आधी न्यूयॉर्कमध्ये ॲन निकोल्स यांचे 'एबीज आयरिश रोझ' हे नाटक पाच वर्षांहून अधिक काळ चालले. त्यात एक ज्यू कुटुंब, एक आयरिश कुटुंब, मुलामुलीचे लग्न आणि बापांचा संताप होता. मग युनिव्हर्सल कंपनीचा 'द कोहेन्स अँड द केलीज' हा चित्रपट आला. तेही एक ज्यू कुटुंब आणि एक आयरिश कुटुंब. निकोल्स कोर्टात गेल्या आणि १९३० मध्ये हरल्या. तो निकाल न्यायाधीश लर्नेड हँड यांचा आहे. त्यांनी सांगितले की कोणत्याही नाटकातून एकेक तपशील वजा करत गेलो तर अधिकाधिक सर्वसाधारण आकृत्यांची एक उतरंड मिळते. तळाशी पूर्ण नाटक, शिखरावर नुसता विषय. या उतरंडीत कुठेतरी एक रेषा असते. तिच्या वर सगळे सर्वांचे आणि खाली सगळे लेखकाचे. ती रेषा नेमकी कुठे, हे आजवर कुणाला ठरवता आलेले नाही आणि कधी ठरवता येणारही नाही, अशी प्रांजळ कबुलीही त्यांनी दिली.

तेव्हा कल्पना मोकळी हवी, हे तत्त्व मला मान्य आहे. ते नसते तर पहिल्याने लिहिले की बाकीच्यांनी गप्प बसायचे, असा प्रकार झाला असता. माझा आक्षेप आहे तो रेषा कुठे ओढली आणि कशाने ओढली, यावर.

४

पहिला आक्षेप कथानकाविषयी. पहिल्या सूत्रात 'कथानक' हा शब्द कल्पना आणि विषय यांच्या पंक्तीला बसवला आहे, म्हणजे मोकळ्या, सार्वजनिक गोष्टींत. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वाचून दचकायला होते. भरताने इतिवृत्ताला नाट्याचे शरीर म्हटले आहे. ॲरिस्टॉटलने कथानकाला शोकांतिकेचा आत्मा म्हटले आहे. पूर्वेचा आचार्य ज्याला देह म्हणतो आणि पश्चिमेचा आचार्य ज्याला प्राण म्हणतो, ते नाटककाराचे नाहीच, असे ठरले तर मग त्याचे उरले काय? संवाद. आणि संवाद तर हिंदी नाटकाचा चित्रपट करताना कोणताही पटकथाकार पहिल्या झटक्यात बदलतो.

लर्नेड हँड यांनी कथानक असे सरसकट बाहेर टाकले नव्हते. त्यांच्या मते पात्रांचे रेखाटन आणि घटनांचा क्रम पुरेसा तपशिलात उतरला असेल तर तोही रेषेच्या खाली येऊ शकतो. आपल्याकडे दुसऱ्या सूत्रात अशी वाट आहे खरी, पण पहिल्या सूत्रातल्या त्या एका शब्दाने तिच्यावर कुंपण पडले. मराठी समीक्षेने मर्ढेकरांपासून पुढे आशय आणि घाट वेगळे काढता येतात का, यावर कितीतरी शाई खर्च केली आणि बहुतेकांचे उत्तर 'सहजी येत नाहीत' असेच आले. कायद्याला मात्र निवाडा द्यायचा असल्याने सुरी चालवावीच लागते. ती चालवण्याबद्दल तक्रार नाही. पण कथानक कापून दुसऱ्याच्या ताटात टाकताना 'हे कदाचित हाड आहे' एवढे तरी म्हणायला हवे होते.

दुसरा आक्षेप प्रेक्षकाच्या कसोटीविषयी. दोन्ही कृती पाहणाऱ्याच्या मनावर नकलेचा ठसा उमटतो का? कसोटी ऐकायला लोकशाहीवादी आहे. पण दोन्ही पाहणारा प्रेक्षक आणायचा कुठून? नाटक दिल्लीत मोजक्या रात्री झाले आणि नंतर थोड्या ठिकाणी. चित्रपट देशभर लागला. ज्याने दोन्ही पाहिले असा माणूस लाखात एखादा. शिवाय नाटक ही प्रयोगाबरोबर विझणारी गोष्ट आहे. कोर्टापुढे उरते ती संहिता. संहिता वाचून प्रयोगाचा ठसा कळतो, असे जो म्हणेल त्याने आपल्याकडच्या एखाद्या राज्य नाट्य स्पर्धेच्या परीक्षकाला विचारावे. कागदावर मेलेली वाटणारी संहिता रंगमंचावर उठून बसते आणि उलटही होते. म्हणजे तुलना होते ती एका जिवंत चित्रपटाची आणि एका नाटकाच्या सांगाड्याची.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो सातव्या सूत्रावर आहे. चित्रपटाचा आवाका मोठा म्हणून नाटककाराचे ओझे जड, हे निरीक्षण म्हणून खरे आहे; पण नियम म्हणून ते कुणाच्या बाजूने झुकते? ज्याच्याकडे पैसा आहे, सेट आहेत, तीन तासांची रीळ आहे, तो मूळ गोष्टीभोवती आणखी दोन गोष्टी गुंफू शकतो. भाड्याच्या घराचा प्रसंग घातला, हुंडा घातला, बहिणीचे प्रेमप्रकरण घातले. जितके जास्त घातले तितके साम्याचे प्रमाण कमी. म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीतून घागरभर पाणी घेतले आणि ते मोठ्या पिंपात ओतले, तर पिंपाकडे बोट दाखवून 'यात घागर कुठे दिसते?' असे विचारता येते.

हा आक्षेप एकट्या टंकलेखकाचा असता तर मी तो छापायला दिला नसता. तो याच निकालात आहे. तिसरे न्यायमूर्ती आर. एस. पाठक, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यांनी सहमतीचे वेगळे छोटे निकालपत्र लिहिले. ते म्हणतात की दोन्ही संहिता ताडून पाहता चित्रपटाच्या लेखकांवर नाटकाच्या ठळक वैशिष्ट्यांचा काही प्रमाणात प्रभाव पडलेला दिसतो आणि त्यांना नाटकाची गोष्ट ठाऊक होती यात शंका नाही. पुढे ते इशारा देतात : दुसऱ्याच्या बौद्धिक श्रमांचा फायदा घेऊ पाहणारा माणूस आपली कृती मुद्दाम अधिक विस्तृत करू शकतो आणि जिथे दोन्ही कृती एकमेकींवर येतात तिथे बदल करून चोरी झाकू शकतो. तरीही खालच्या दोन्ही न्यायालयांनी वस्तुस्थितीबाबत एकच निष्कर्ष काढला आहे, त्यात सर्वोच्च न्यायालयाने हात घालू नये, म्हणून ते सहमत होतात.

निकालाची सात सूत्रे सगळ्यांना पाठ आहेत. पाठक यांचा तो परिच्छेद मात्र क्वचितच उद्धृत होतो. माझ्या मते या निकालातला खरा समीक्षक तो आहे. त्याला प्रभाव दिसला, झाकण्याची युक्ती दिसली आणि आपल्या अधिकाराची मर्यादाही दिसली.

५

आता त्या गिऱ्हाइकाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातला एक लेखक माझ्याकडे नोटीस टाइप करायला आला. स्पर्धेत गाजलेली त्याची एकांकिका मीच टाइप केली होती. तिचे दोन अंकी नाटक करून त्याने शहरातल्या एका निर्मात्याला वाचून दाखवले. निर्मात्याने चहा पाजला, शाबासकी दिली, 'कळवतो' म्हणाला. दीड वर्षाने तशाच गोष्टीचा चित्रपट आला. बॅनर वेगळेच होते. लेखकाच्या वकिलाने पहिला प्रश्न विचारला : वाचून दाखवल्याचा कागद काय आहे? कागद नव्हता. एक पाकीट मात्र होते. कुणीतरी सांगितले म्हणून त्याने संहिता स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून न फोडता ठेवली होती. त्या पाकिटाने संहिता कधी लिहिली हे कदाचित दिसले असते. ती कुणी ऐकली हे दिसणार नव्हते. वकिलाने आनंद खटल्याची प्रत त्याच्या हातात ठेवली आणि तो ती झेरॉक्सला घेऊन माझ्याकडे आला. नोटीस शेवटी गेलीच नाही.

ती प्रत वाचताना माझ्या लक्षात आले की निकालपत्रात जानेवारी १९५५ च्या वाचनाची हकीकत येते, पण कायद्याच्या चर्चेत ते वाचन विरघळून जाते. न्यायालय दोन कृती शेजारी ठेवते आणि विचारते : ही त्याची नक्कल आहे का? दोन माणसे शेजारी ठेवून ते विचारत नाही : याने त्याला कोणत्या भरवशावर ऐकवले? फिर्यादच कॉपीराइटची होती, त्यामुळे दोष केवळ न्यायालयाचा नाही. पण नाटक वाचून दाखवणे ही आपल्या रंगभूमीची मूळ रीत आहे. लेखक निर्मात्याच्या दिवाणखान्यात बसतो, दोन तास वाचतो, सगळ्या भूमिका स्वतः करतो. त्याची सगळी मिळकत त्या दोन तासांत समोरच्याच्या कानात जाते आणि त्या क्षणी त्याच्याजवळ काहीच राहत नाही.

या क्षणासाठी कायद्यात एक जागा आहे, पण ती वाङ्मयाच्या कायद्यात नाही. ती कारखानदारीच्या कायद्यातून आली. इंग्लंडात १९४८ मध्ये एक खटला झाला तो चामड्याला भोके पाडण्याच्या हत्यारांच्या रेखाचित्रांवरून. १९६८ मधला दुसरा मोपेडच्या इंजिनावरून. त्यांतून 'विश्वासभंग' या दाव्याच्या तीन अटी रूढ झाल्या. माहिती गोपनीय स्वरूपाची हवी. ती विश्वासाने वागण्याचे बंधन निर्माण होईल अशा परिस्थितीत दिलेली हवी. आणि परवानगीशिवाय तिचा वापर होऊन देणाऱ्याचे नुकसान झालेले हवे. इथे कल्पना की अभिव्यक्ती, हा प्रश्नच उद्भवत नाही. पुरेशी फुलवलेली कल्पनासुद्धा विश्वासाने दिली असेल तर घेणाऱ्याला ती वापरता येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये 'झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल' या खटल्यात हे तत्त्व दूरचित्रवाणीला लावले. सनडायलने 'कृष कन्हैया' या मालिकेची संकल्पना वाहिनीपुढे मांडली होती आणि पुढे 'कन्हैया' नावाची मालिका येऊ घातली. न्यायालयाने मनाई कायम ठेवली. जे आनंद यांना बावीस वर्षांत मिळाले नाही, ते इथे मिळाले, कारण प्रश्न बदलला होता आणि संकल्पना दिल्याचे कागद होते.

पण ही वाट म्हणजे राजमार्ग नव्हे. 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाविरुद्ध एक लेखक २०२१ मध्ये त्याच न्यायालयात गेला. आपली 'हैला! झोंबी' ही गोष्ट वापरली गेली, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अंतरिम मनाई नाकारली. झोंबी, त्यांचा हल्ला, त्यातून वाचणारी माणसे हा सगळा त्या प्रकारच्या चित्रपटांचा ठरीव माल आहे. गोपनीय म्हणून नेमके काय दिले, हे वादीने काटेकोरपणे दाखवले पाहिजे, असे त्यांनी बजावले. मला हा निकाल योग्य वाटतो. 'माझी गोष्ट घेतली' एवढे म्हणून भागत नाही. कोणती गोष्ट, कोणत्या तारखेला, कोणाला, कोणत्या अटीवर, हे सांगता आले पाहिजे.

६

'कोणाला' हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. आपण 'नाटक कंपनी' म्हणतो, पण त्या बहुतेक कंपन्या कायद्याच्या अर्थाने कंपन्या नव्हत्या. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली ती बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत. भागीदारीत माणूस आणि धंदा एकमेकांना चिकटलेले असतात. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे चोविसावे कलमच सांगते की धंद्यात नेहमी भाग घेणाऱ्या भागीदाराला धंद्याविषयी दिलेली सूचना म्हणजे भागीदारी संस्थेलाच दिलेली सूचना. एका भागीदाराने नाटक ऐकले तर संस्थेला ते 'ठाऊक नव्हते' म्हणणे कठीण.

नोंदणीकृत कंपनी हे वेगळे प्रकरण. १८९७ च्या प्रसिद्ध सालोमन खटल्यापासून कंपनी ही तिच्या मालकाहून निराळी व्यक्ती मानली जाते. सालोमन हा बुटांचा कारखानदार. त्याने आपलाच धंदा स्वतः उभारलेल्या कंपनीला विकला आणि कायदा म्हणाला, सालोमन वेगळा, सालोमन आणि कंपनी वेगळी. धंदा करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. एक धंदा बुडाला म्हणून घरदार जात नाही. आता २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी आली, २०१३ च्या कायद्याने एका माणसाची कंपनीही आली. लेखकाच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा की ऐकणारा एक, करार करणारा दुसरा आणि चित्रपट काढणारी संस्था तिसरीच, असे घडू शकते. आमच्या गावच्या लेखकाच्या बाबतीत तेच झाले. बॅनर वेगळे होते. त्या बॅनरला कुणी काही वाचून दाखवले नव्हते.

कायद्याने लेखकाला काहीच दिलेले नाही, असे नाही. संहिता लिहून झाली की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण ५०० रुपयांत होते आणि प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते. नाटकावरून चित्रपट काढण्याचा हक्क मूळचा लेखकाचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन एक वर्ष वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर तो परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्याचे चित्रपटगृहाबाहेरच्या वापराचे मानधन लेखकाला सोडूनही देता येत नाही. हे सगळे चांगले आहे. पण हे सगळे करार होतो तेव्हाचे आहे. वाचन होते ते कराराच्या आधी, आणि तिथे लेखक अजूनही जानेवारी १९५५ मध्येच बसलेला आहे.

म्हणून गेली काही वर्षे, कुणी संहिता टाइप करून न्यायला आला की मी त्याला आणखी एक पान फुकट छापून देतो. त्यावर नाटकाचे नाव आणि पानांची संख्या असते, वाचनाची तारीख आणि जागा असते. ऐकणाऱ्याचे नाव असते आणि तो कोणत्या संस्थेसाठी ऐकतो आहे, तिचे नोंदलेले नाव असते. 'हे नाटक निर्मितीचा विचार करण्यासाठी विश्वासाने ऐकवले. लेखकाच्या लेखी संमतीशिवाय स्वतः किंवा इतर कोणामार्फत वापरणार नाही' असे एक वाक्य असते. त्याखाली पाच-सहा ओळींत या नाटकाचे असे वेगळेपण, जे दुसऱ्या कुठल्या नाटकात सापडणार नाही. शेवटी दोन सह्या. ही पाच-सहा ओळींची जागा मी 'झोंबिवली'चा निकाल वाचल्यावर वाढवली. आणि पान नेणाऱ्याला मी सांगतो की जमले तर एकदा वकिलाच्या नजरेखालून घाल.

खरे सांगायचे तर पुष्कळ जण ते पान घरीच ठेवतात. ज्येष्ठ माणसापुढे सहीसाठी कागद कसा सरकवायचा, असा संकोच त्यांना वाटतो. नाटकच नाकारले जाईल, ही भीती त्याहून मोठी. ती भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. त्यांना मी दुसरा मार्ग सांगतो. सही मागायची नसेल तर वाचनाच्या आदल्या दिवशी मेल पाठवा : 'उद्या सायंकाळी अमुक ठिकाणी माझे अमुक नाटक आपल्या अमुक संस्थेसाठी विश्वासाने वाचून दाखवायला येत आहे.' घरी आल्यावर दुसरा मेल : 'आज आपण नाटक ऐकलेत, आभारी आहे.' यात कुणाचा अपमान नाही. उत्तरादाखल नुसते 'या' आले तरी तारीख, नाव आणि निमित्त नोंदले जाते. सहीइतके ते भक्कम नसेल, पण वकिलाच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर असेल.

आनंद यांच्याजवळ नोव्हेंबर १९५४ चे ते पत्र होते. वाचन झाले हे कुणी नाकारले नाही. त्यांच्या हाती नव्हते ते फक्त 'विश्वासाने' हे कागदावरचे एक वाक्य. ते असते तर खटला जिंकला असता, असे मी म्हणू शकत नाही. पण न्यायालयाला दोन कृतींबरोबर दोन माणसांकडेही पाहावे लागले असते. आमच्या गावचा तो लेखक आता पुन्हा लिहू लागला आहे. गेल्या श्रावणात तो नवी संहिता टाइप करायला आला. जाताना ते पान त्याने मागून घेतले, घडी न घालता फायलीत ठेवले आणि म्हणाला, 'आणखी एक प्रत द्या. एक त्यांना लागेल.'